अधिवृक्क ग्रंथि व तिला सुटणारे हुकूम

सन २०२३ च्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या घरीं असलेल्या आत्याबाईंस दम्याचा जुना विकार आहे. त्या वर्षीं दम्यानें फारच उचल खाल्ली, म्हणून डॉक्टरांनीं त्यांस प्रेड्निसोलोन नांवाच्या स्टेरॉइडाच्या गोळ्या सुरू केल्या. पांच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, याप्रमाणें चार-पांच महिने तें औषध नेमानें चाललें. गुण उत्तम आला. श्वास मोकळा झाला, जिना चढतां येऊं लागला. तेव्हां ‘आतां बरें वाटतें आहे, मग औषध कशास?’ असा विचार करून आत्याबाईंनीं कोणास न विचारतां एके दिवशीं गोळ्यांची पुडी कपाटांत ठेवून दिली. पुढें थोडक्याच दिवसांत त्यांस विलक्षण थकवा आला, अन्नावरची वासना उडाली, त्यांतच ताप भरला, आणि एके सकाळीं ओकाऱ्या होऊन त्या अंथरुणावरून उठतांच घेरी येऊन पडल्या.

दवाखान्यांत नेल्यावर त्यांचा रक्तदाब फारच उतरलेला आढळला. डॉक्टरांनीं सर्व हकीकत विचारून घेतली, तत्काळ शिरेंतून हायड्रोकॉर्टिसोन व मिठाचें पाणी दिलें, आणि सायंकाळपर्यंत आत्याबाई उशीला टेकून चहा मागूं लागल्या. तेव्हां डॉक्टर हंसून म्हणाले, “आत्याबाई, औषध थांबविलेंत यांत चूक नाहीं, एकदम थांबविलेंत, ही चूक. तुमच्या अधिवृक्क ग्रंथी झोंपीं गेल्या आहेत. त्यांस आतां हळूहळू जागें करावें लागेल.”

ह्या शब्दांनीं आम्हांस मोठें कोडें घातलें. ह्या ग्रंथी पोटाच्या मागील अंगास, मूत्रपिंडांच्या माथ्यावर. गोळी गिळली ती तोंडानें, आणि तीहि दम्यासाठीं. मग गोळीची वार्ता त्या ग्रंथींस सांगितली कोणीं, आणि ती ऐकून त्यांनीं झोंपीं तरी कां जावें? ह्या प्रश्नाच्या मागें लागून आम्हीं जें वाचलें व त्यांतून जें समजलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

प्रथम ह्या ग्रंथींची ओळख करून घेऊं. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक पिंवळसर ग्रंथि बसलेली असते. उजवीकडील साधारण त्रिकोणी व डावीकडील चंद्रकोरीसारखी असते. एकेकीचें वजन अवघें चार ते पांच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेइतकें. मूत्र तयार करण्याचें काम मूत्रपिंडाचें. ह्या ग्रंथीचें काम रक्तांत रस सोडण्याचें. ज्या रसांच्या द्वारें शरीराचा एक अवयव दुसऱ्या दूरच्या अवयवास संदेश पाठवितो, त्यांस संप्रेरकें म्हणतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

ह्या चमचाभर मांसाचें महत्त्व जगास बरेंच उशिरां कळलें. लंडन येथील गाइज हॉस्पिटलांतील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. कांहीं रोगी दिवसेंदिवस क्षीण होत जातात, त्यांची नाडी मंद होते, अन्न नकोसें होतें, आणि त्यांच्या कातडीवर काळसर झांक येते. अशा रोग्यांच्या मृत्यूनंतर तपासणी करितां त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या आढळतात, असें त्यांत दाखविलें होतें. कित्येकांच्या ग्रंथी क्षयरोगानें पोखरल्या होत्या. पुढच्याच वर्षीं ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यास जनावर वांचत नाहीं. ॲडिसननें नोंदलेल्या त्या काळसर झांकेचें कारण मात्र कित्येक वर्षें गूढच राहिलें. तें आम्ही पुढें सांगणार आहोंत, कारण आमच्या कोड्याची एक किल्ली त्यांतच आहे.

ग्रंथि आडवी कापून पाहिली तर तिचे दोन भाग दिसतात. आंतील भागास मध्यक म्हणतात. तेथें ॲड्रेनलीन तयार होतें. बाहेरील भागास बाह्यक म्हणतात, आणि आमचा विषय तोच आहे. ह्या बाह्यकाचे तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थरांत ॲल्डोस्टेरॉन बनतें. तें शरीरांतील मीठ राखतें व जादा पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर घालवितें. मधल्या, सर्वांत जाड थरांत कॉर्टिसॉल बनतें. आंतल्या थरांत पुरुषी गुणधर्माचीं, परंतु सौम्य, अशीं संप्रेरकें स्त्रीपुरुष दोघांच्याहि शरीरांत बनतात. हीं सर्व एकाच कुळांतील आहेत. कार्बनच्या अणूंचीं चार कडीं एकमेकांस जोडून जो सांगाडा होतो, त्याच्या आधारानें रचलेल्या पदार्थांस स्टेरॉइड असें नांव आहे, आणि ह्या सर्वांचा कच्चा माल एकच, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. ज्या पदार्थास आपण हृदयाचा वैरी म्हणून नांवें ठेवितों, त्याच्यावांचून हा कारखाना एक दिवसहि चालावयाचा नाहीं.

कॉर्टिसॉलचीं कामें अनेक आहेत. उपाशीपोटीं रक्तांतील साखर उतरूं नये म्हणून तें यकृतास नवी साखर करावयास लावितें. रक्तवाहिन्यांस ॲड्रेनलीनची हांक ऐकूं येण्यासाठीं कॉर्टिसॉल हवें असतें. तें नसल्यास वाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो. शिवाय शरीरांतील दाह हाताबाहेर जाऊं लागला म्हणजे त्यास लगाम घालण्याचें कामहि त्याचेंच. आत्याबाईंच्या श्वासनलिकांतील सूज ज्या गोळ्यांनीं उतरली, त्या ह्याच कॉर्टिसॉलच्या कृत्रिम बहिणी होत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कांहीं ग्रंथी आपला माल कोठारांत भरून ठेवितात. गळ्यांतील अवटु ग्रंथीपाशीं तर कित्येक आठवडे पुरेल इतका सांठा असतो. अधिवृक्काचें तसें नाहीं. तिच्या पेशींत कोलेस्टेरॉलचे तेलकट थेंब सांठविलेले असतात, तिचा पिंवळसर रंग त्यामुळेंच. परंतु तयार कॉर्टिसॉल जवळजवळ मुळींच नसतें. जितकें बनतें तितकें लगेच रक्तांत जातें. म्हणजे हा कारखाना मागणीबरहुकूम चालणारा आहे. हुकूम आला कीं माल निघतो. हुकूम थांबला कीं कारखाना थंड.

हे हुकूम निघतात मेंदूंतून. मेंदूच्या तळाशीं अधश्चेतक नांवाचा भाग आहे. तेथून सी. आर. एच. नांवाचें संप्रेरक निघतें. ४१ ॲमिनो आम्लांची ही लहानशी सांखळी जवळच्याच सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून खालीं लोंबणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथींत उतरते. पीयूषिका हा निरोप मिळतांच आपला स्वतःचा हुकूम सोडते, तो ए. सी. टी. एच. नांवाचा, ३९ ॲमिनो आम्लांचा. हा हुकूम मात्र सर्व शरीराच्या रक्तांतून फिरत फिरत अधिवृक्क ग्रंथीशीं येऊन पोंचतो. मेंदूंत असा कांहीं पदार्थ असला पाहिजे, हें १९५५ सालीं गियेमँ आणि शॅली यांच्या दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांत दिसून आलें. परंतु तो शुद्ध स्वरूपांत वेगळा काढून त्याची रचना ठरविण्यास १९८१ साल उजाडलें. तें काम अमेरिकेंत वायली व्हेल व त्यांचे सहकारी यांनीं मेंढ्यांच्या मेंदूंवरून केलें.

हुकूम पोंचल्यावर पेशींत काय घडतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. ए. सी. टी. एच. पेशीच्या आंत शिरत नाहीं. तें बाहेरच्या दारावर थाप मारतें. त्या थापेसरशीं आंत चक्रीय ए. एम. पी. नांवाचा पदार्थ वाढतो, व तो आंतल्या कामकरी प्रथिनांस जागें करितो. तेलकट थेंबांतून कोलेस्टेरॉल मोकळें होतें. परंतु त्यावर पहिला संस्कार व्हावयाचा तो तंतुकणिकेच्या आंतल्या पडद्यावर, आणि बाहेरच्या पडद्यापासून आंतल्या पडद्यापर्यंत जाण्यास कोलेस्टेरॉलला आपली वाट आपण सांपडत नाहीं. तेथें त्यास पोंचविणारें एक प्रथिन आहे. तें अमेरिकेंतील डग्लस स्टॉको यांच्या प्रयोगशाळेंत ओळखलें जाऊन १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें नांव स्टार. हा वाटाड्या आला म्हणजेच काम पुढें सरकतें. आंत गेल्यावर एक विकर कोलेस्टेरॉलच्या २७ कार्बन अणूंपैकीं ६ अणूंची शेपटी तोडून टाकतें, व २१ अणूंचें प्रेग्नेनोलोन उरतें. तें तंतुकणिकेच्या बाहेर येतें, त्यावर आणखी संस्कार होतात, आणि अखेरचा संस्कार पुनः तंतुकणिकेंतच होऊन कॉर्टिसॉल तयार होतें. हें सर्व कांहीं मिनिटांतच घडूं लागतें.

ए. सी. टी. एच. चें दुसरेंहि एक काम आहे, आणि तें सावकाश चालतें. तें ग्रंथीचें पोषण करितें. हुकूम नियमित येत राहिले तर पेशी टवटवीत राहतात व त्यांतील विकरें भरपूर राहतात. हुकूम येईनासे झाले तर पेशी आकसूं लागतात. फिलिप स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३० च्या सुमारास उंदरांची पीयूषिका काढून टाकली, तेव्हां त्यांच्या अधिवृक्काचें बाह्यक सुकून गेलें. पीयूषिकेचे तुकडे पुनः शरीरांत बसविले, तेव्हां तें पुनः भरलें.

येथवर हुकूम वरून खालीं कसा येतो हें झालें. परंतु ‘पुरे’ असें वर कोण कळवितो? आमच्या भागांतील पाटाच्या पाण्याचें उदाहरण घेऊं. शेत सुकलें म्हणजे शेतकऱ्याची मागणी वरच्या कचेरींत जाते. कचेरी पाटकऱ्यास सांगते. पाटकरी दार उचलतो. पाणी चारीनें शेतांत येतें. शेत भिजलें कीं तशी वर्दी कचेरींत जाते व दार खालीं येतें. शरीरांत ही वर्दी वेगळ्या जासुदाकरवीं जात नाहीं. पाणी स्वतःच वर्दी देतें. कॉर्टिसॉल रक्तांतून फिरत फिरत मेंदूंतहि जातें. तेथें अधश्चेतकास व पीयूषिकेस तें भरपूर दिसलें, कीं दोघेहि आपापला हुकूम आवरतात. तें कमी दिसलें, कीं हुकूम वाढतो. म्हणून निरोगी मनुष्याच्या शरीरांत दिवसाकाठीं सुमारें १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनतें, आणि गरजेहून फार अधिक किंवा फार उणें होत नाहीं.

ॲडिसनच्या रोग्यांची कातडी काळसर कां होत असे, तें आतां ध्यानांत येईल. त्यांच्या ग्रंथी नासल्या होत्या. शेतांत पाणी पोंचत नव्हतें. म्हणून वरून हुकुमावर हुकूम सुटत होते. ए. सी. टी. एच. चें प्रमाण फार वाढलें, म्हणजे तें कातडींतील रंग तयार करणाऱ्या पेशींसहि चेतवितें. ती काळी झांक म्हणजे ज्यास उत्तर मिळत नाहीं अशा हुकुमाचा कातडीवर उमटलेला ठसा होय. दुसरें उदाहरण कांहीं नवजात बालकांचें. त्यांच्या ग्रंथींत कॉर्टिसॉल करण्यास लागणारें एक विकर जन्मतःच उणें असतें. हुकूम येतात, ग्रंथि मोठी होते, पण माल कॉर्टिसॉलपर्यंत न पोंचतां मध्येंच अडतो व पुरुषी संप्रेरकांच्या वाटेस वळतो. अशा बालकांस बाहेरून योग्य तितकें हायड्रोकॉर्टिसोन दिलें, कीं वर वर्दी पोंचते, हुकूम शांत होतो, व आडवाटेचा मालहि थांबतो.

हुकुमाचा ओघ दिवसभर सारखा नसतो. पहांटे तो चढूं लागतो, सकाळीं जागें होण्याच्या सुमारास सर्वांत अधिक असतो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उणा. दुखापत, शस्त्रक्रिया, मोठा ताप अशा प्रसंगीं मेंदू नेहमींचा हिशेब बाजूस सारून हुकूम कित्येक पटींनीं वाढवितो. संकटसमयीं शरीरास कॉर्टिसॉलचा हा जादा पुरवठा मिळाला नाहीं, तर साधा तापहि जिवावर बेततो.

बाहेरच्या थरांतील ॲल्डोस्टेरॉनचा कारभार मात्र बराचसा स्वतंत्र आहे. रक्तदाब किंवा मीठ कमी झालें म्हणजे मूत्रपिंड रेनिन सोडतें; त्यापासून पुढें अँजिओटेन्सिन बनतें, आणि तें ॲल्डोस्टेरॉनचा हुकूम देतें. रक्तांतील पोटॅशियम वाढलें तरीहि तोच हुकूम सुटतो. ए. सी. टी. एच. चा त्यावर अंमल थोडाच. म्हणून आत्याबाईंच्या ग्रंथींतील मधला थर निजला, तरी बाहेरचा जागा होता.

आतां आमच्या कोड्याचें उत्तर जवळ आलें. सप्टेंबर १९४८ मध्यें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकांत डॉक्टर फिलिप हेंच यांनीं सांध्यांच्या असह्य दाहानें जखडलेल्या एका बाईस, एडवर्ड केंडल यांनीं शोधून काढलेलें कॉर्टिसोन दिलें. थोड्याच दिवसांत ती बाई चालूं लागली. १९५० सालचें नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व स्वित्झर्लंडचे रायकस्टाइन या तिघांस मिळालें. परंतु धोक्याची सूचना त्याहि आधीं मिळालेली होती. इंगल आणि केंडल यांनीं १९३७ सालींच दाखविलें होतें कीं, उंदरांस अधिवृक्काचा अर्क मोठ्या प्रमाणांत टोंचला, तर त्यांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी सुकतात. मनुष्याच्या बाबतींत ही गोष्ट कळण्यास मोठी किंमत पडली. १९५२ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत अशा रोग्याची हकीकत छापून आली, कीं जो सांधेदुखीसाठीं कॉर्टिसोन घेत होता व शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळून दगावला. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या.

मेंदू, आपल्या ग्रंथीनें केलेलें कॉर्टिसॉल कोणतें व दुकानांतून आणलेलें कोणतें, हें ओळखीत नाहीं. दोहोंची घडण इतकी सारखी आहे, कीं एकच कुलूप दोहोंनीं उघडतें. प्रेड्निसोलोन तर कॉर्टिसॉलच्या सुमारें चौपट प्रबळ. म्हणजे आत्याबाईंच्या २० मिलिग्रॅम गोळ्या ८० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोलाच्या झाल्या. शरीर स्वतः करितें त्याच्या चौपट ते आठपट! जणूं शेजारच्या विहिरीचें पाणी रात्रंदिवस आमच्या शेतांत लोटलें. कचेरीस शेत तुडुंब दिसलें. तिनें पाटकऱ्यास निरोप पाठविणें सोडलें. महिन्यांमागून महिने दार उचललें गेलें नाहीं. चारींत गाळ सांचला, दारास गंज चढला. मग एके दिवशीं विहिरीचें पाणी एकाएकीं बंद झालें. कचेरी इतक्या दिवसांची निजलेली. ती जागी होऊन हुकूम लिहीपर्यंत आणि दाराचा गंज निघेपर्यंत शेतानें करावें काय? त्यांतच ताप आला, म्हणजे ज्या वेळीं पाणी अधिक हवें त्याच वेळीं मुळींच नाहीं. गोळीची वार्ता ग्रंथीस कोणी सांगितलीच नव्हती. सांगणारा गप्प बसला, हीच ती वार्ता.

म्हणून तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ असें औषध पोटांत घेतलेल्या मनुष्यानें तें आपल्या मनानें एकदम बंद करूं नये. डॉक्टर मात्रा पायरीपायरीनें उतरवितात, ती एवढ्याचसाठीं, कीं मेंदूस पाणी कमी झालेलें दिसावें, हुकूम पुनः सुटावे, आणि ग्रंथीस भरून येण्यास अवधि मिळावा. ह्यास कित्येक महिने, प्रसंगीं वर्षाहून अधिक काळहि लागतो. त्या काळांत ताप आला किंवा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर औषधाची गोष्ट डॉक्टरांस आधीं सांगितलीच पाहिजे. दम्यासाठीं तोंडानें ओढावयाच्या फवाऱ्यांतील मात्रा फारच थोडी असते. हा लेख वाचून कोणी भीतीनें तो फवारा टाकून देऊं नये.

ह्याच्या उलट बाजूसहि तितकेंच जपावयास हवें. संधिवातावर ‘हमखास गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलें असतें. घेणारास दोन दिवसांत बरें वाटतें, तोंड गरगरीत होतें, आणि प्रकृति सुधारली असा समज होतो. आंत मात्र साखर वाढत असते, हाडें ठिसूळ होत असतात, व ग्रंथि निजत असते. पुडी संपली कीं आत्याबाईंसारखी गत होते, आणि मनुष्य काय घेत होता हें डॉक्टरांस सांगणारेंहि कोणी नसतें. औषध मात्र वाईट नव्हे. कोरोनाच्या सांथींत, जून २०२० मध्यें, ऑक्सफर्डच्या चाचणींत दिसून आलें कीं, कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रोग्यांतील मृत्यु डेक्सामेथासोननें सुमारें एक तृतीयांशानें कमी होतात. आणि पुढच्याच वर्षीं आपल्या महाराष्ट्रांत काळ्या बुरशीनें जो कहर केला, त्याचा संबंध अनावर मधुमेहाबरोबर स्टेरॉइडांच्या अतिरेकी वापराशींहि जोडला गेला. वस्तु एकच, योग्य मात्रेंत ती तारक, अविचारानें मारक.

आत्याबाईंच्या गोळ्या पुढें आठ महिन्यांनीं सुटल्या. दर कांहीं आठवड्यांनीं मात्रा थोडी उतरे. एकदां घाई झाली, थकवा वाढला, तेव्हां पुनः एक पायरी चढावें लागलें. शेवटीं सकाळीं आठ वाजतां रक्त तपासून, ग्रंथि स्वतःचें कॉर्टिसॉल पुरेसें करूं लागली आहे अशी खात्री झाल्यावरच डॉक्टरांनीं औषध बंद केलें. त्या काळांत त्यांच्या पिशवींत बसच्या पासाबरोबर एक चिठ्ठी असे. आमच्यापैकीं धाकट्यानें ती मोठ्या अक्षरांत लिहून दिली होती: ‘मी स्टेरॉइडाच्या गोळ्या घेत आहें. मला घेरी आल्यास हें डॉक्टरांस प्रथम सांगावें.’ आपल्या घरांत कोणी असें औषध घेत असेल, तर वाचकांनींहि अशी चिठ्ठी आजच लिहून द्यावी.